रात्री काय करायचं ते दुपारीच ठरवून ठेवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ६७ वर्षांचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. "आता घरी न्या" असं सांगून मिरजेहून घरी पाठवलं त्याला अकरा दिवस झाले. तुम्ही पुण्याहून रजा काढून गावी आलात. डॉक्टरांनी दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत, पण काका म्हणतात त्या सुरू केल्या की माणूस आठ दिवसांत जातो, म्हणून पाकीट कपाटात तसंच पडून आहे. आईचा धोशा, सलाईन लावा. भाऊ म्हणतो, परत मिरजेला हलवू. बाबांना अजून "कावीळ आहे" एवढंच सांगितलंय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "दिवसा निभावतं, रात्री भीती वाटते. काही झालं तर मी काय करू?"

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे सगळे त्यालाच येऊन मिळतात. गेली सोळा वर्षं मी सातारा-कराड भागात घरोघर जाऊन शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करते आहे. माणूस आपल्या अंथरुणावर शांतपणे जाणार की शेवटचा तास अँब्युलन्समध्ये काढणार, हे मी पाहिलंय त्यात आजारावर फार कमी वेळा ठरलं. त्या रात्री जे कुणी उशाशी जागं होतं, त्याला आता काय होणार आहे आणि आपण काय करायचं आहे हे आधी माहीत होतं का, यावर ठरलं.

हे मला घरातूनच शिकावं लागलं. २००८ साली माझ्या सासूबाई गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने घरी होत्या. मी तेव्हा आयसीयूत नर्स होते. "मला आता कुठं हलवू नका," असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पण पहाटे तीन वाजता त्यांना घरघर लागली आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नर्स, म्हणजे मी काहीतरी केलंच पाहिजे. मी गाडी बोलावली. चाळीस मिनिटांचा रस्ता. कॅज्युअल्टीत त्यांच्या घशात नळी घातली, गळ्यातली माळ कात्रीने कापली, आणि पडद्याबाहेर उभं राहून आम्ही त्या गेल्याचं ऐकलं. तिथल्या लोकांचं काही चुकलं नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. मला घरघर म्हणजे काय ते माहीत होतं. पण घरी ती आली तर घरात काय करायचं, हे आम्ही कुणी कधी बोललोच नव्हतो.

म्हणून तुम्हाला सांगते, उद्या दुपारी चहाच्या वेळी आई, भाऊ, वहिनी, काका सगळ्यांना एकत्र बसवा. काकांना वगळू नका. जो चर्चेत नसतो तोच रात्री येऊन "अजून इथंच ठेवलंय?" म्हणतो आणि मग सगळ्यांचा धीर सुटतो. वहीचं एक पान घ्या, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पहिल्यांदा कुणाला फोन करायचा, त्यांनी उचलला नाही तर कुणाला. दुखणं, धाप, उलटी, तगमग आणि घशातली घरघर, या पाच गोष्टींसाठी कोणतं औषध, किती, आणि ते घरात कुठल्या डब्यात आहे. या पाचही गोष्टींची औषधं डॉक्टरांकडून आजच लिहून घेऊन आणून ठेवा, त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. खेड्यात रात्री अकरानंतर मेडिकल उघडं सापडत नाही.

त्याच पानावर खाली, मिरजेला कशासाठी न्यायचं आणि कशासाठी नाही, हेही लिहा. पडून हाड मोडलं, पोटात पाणी भरून श्वास घेता येईना आणि ते काढायचं आहे, किंवा घरची सगळी औषधं देऊनही दुखणं आटोक्यात येईना, तर जरूर न्या. लघवी अडकली तर बऱ्याचदा नर्स घरी येऊन नळी घालू शकते. पण खाणं सुटलं, बीपी उतरलं, ग्लानी आली, श्वास मंदावला, यासाठी नेऊन त्यांच्या हाती काही लागत नाही. तिथं कुणीतरी विचारेल, "व्हेंटिलेटर लावायचा का?" आणि त्या क्षणी "नको" म्हणायचं धैर्य कुठल्याच मुलाला होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात माणसाला सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि उपचार कुठवर करायचे याची इच्छा आधी लिहून ठेवण्याची वाट मोकळी केली. २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. बाबांना तसा कागद करायचा असेल तर करा. नसेल तरी निदान त्यांचं म्हणणं घरातल्या सगळ्यांनी एकदा समोर बसून ऐकलेलं असू द्या.

आता मॉर्फिन. यावर मी जरा लांबून बोलणार आहे, कारण अकरा दिवस पाकीट कपाटात आहे म्हणजे अकरा दिवस बाबा विनाकारण सोसताहेत. स्वादुपिंडाचं दुखणं पोटातून पाठीत आरपार जातं. माणूस आडवा पडू शकत नाही, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतो. तुम्ही लिहिलंय की बाबा रात्रभर पलंगाच्या कडेला बसून असतात. झोप येत नाही म्हणून नव्हे ताई, पाठ टेकवत नाही म्हणून ते बसतात.

काकांचा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे या गोळीला सगळेच इतके घाबरतात की ती शेवटच्या आठवड्यात सुरू होते. मग माणूस गेला की बोल गोळीला. छत्री उघडली म्हणून पाऊस आला, असला तो हिशोब. दुखण्यासाठी योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. व्यसन लागेल ही भीतीही या आजारात सोडून द्या. उलट दुखणं थांबल्यावर माणूस बोलतो, दोन घास खातो, नातवाला जवळ बोलावतो, आणि काकांना हेच पहिल्या चार दिवसांत स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पण ती नियमाने द्यावी लागते. साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास टिकते, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची. "दुखेल तेव्हा मागतील" असं ठेवू नका. दुखणं पुरतं चढल्यावर ते खाली आणायला जास्त औषध लागतं. दोन गोळ्यांच्या मध्ये कळ आलीच तर द्यायची जादाची मात्रा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. रात्रीच्या गोळीचं काय करायचं, झोपताना मात्रा वाढवून मधली गोळी टाळता येईल का, तेही त्यांनाच विचारा. पहिले दोन-तीन दिवस झापड येईल, मळमळेल. मळमळीची गोळी सोबत असते. हे दोन्ही ओसरतं.

ओसरत नाही ते बद्धकोष्ठ. मॉर्फिन सुरू त्या दिवसापासून पोट साफ होण्याची गोळी सुरू, आणि ती रोज. गावाकडे लगेच इसबगोल देतात, तो देऊ नका. त्याला पाणी भरपूर लागतं आणि बाबा पाणी पिणार नाहीत, मग तो आतच चिकटून बसतो. मी असे रुग्ण पाहिलेत, जे दुखण्याने कण्हतात असं घरच्यांना वाटत होतं आणि आठ दिवस शौचालाच झालेलं नव्हतं. म्हणून वहीत औषधांच्या रकान्याशेजारी शौचाचाही रकाना ठेवा. तीन दिवस कोरा गेला की फोन करा.

बाबांना कावीळ आहे, यकृत थकलंय, त्यामुळे मात्रा वाढवणं-घटवणं हे फक्त डॉक्टरांचं काम. हात-पाय झोपेत सारखे उडायला लागले, हाका मारूनही जागे होईनात, किंवा श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला, तर पुढची गोळी थांबवा आणि फोन करा. गिळता येईनासं झालं तर साधी गोळी चुरडून थेंबभर पाण्यात गालाच्या आत ठेवता येते का, की कातडीखालून बारीक सुईने औषध द्यायचं, हेही आधीच विचारून ठेवा. 'एसआर' लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी मात्र कधीच चुरडायची नाही, सगळं औषध एकदम अंगात जातं.

ही गोळी गावातल्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने तिच्याभोवती इतक्या परवानग्यांचं कुंपण घातलं की कित्येक डॉक्टरांनी आयुष्यात तिची चिठ्ठी लिहिलेली नाही. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी ती मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच आणावी लागते. शेवटचं पाकीट उघडलं की पुढचं आणायला माणूस निघाला पाहिजे. दिवाळी, जोडून आलेल्या सुट्ट्या, दुसरा शनिवार, सगळं धरून चाला. पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन हे दुखणं कमी करण्याचीही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. त्यासाठी तब्येत थोडी तरी धड लागते. बाबांना ते झेपेल का, हे एकदा विचारून घ्या.

दुखणं मोजायचं कसं, असंही तुम्ही विचारलंय. "दहापैकी किती?" हे सगळ्यांना उमगत नाही. म्हाताऱ्या माणसांना मी विचारते, "दादा, रुपयात किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर येतं. "सकाळी चार आणे होतं, आता बारा आणे झालंय." तेच वहीत लिहायचं. डॉक्टरांना फोनवर "खूप दुखतंय" सांगण्यापेक्षा "काल रात्रभर बारा आणे, जादाची मात्रा तीनदा दिली" हे सांगितलं की त्यांना पुढचा निर्णय दोन मिनिटांत घेता येतो.

आईचं सलाईन. यात आईशी वाद घालू नका. तिला पाणी द्यायचंय, एवढंच आहे ते. उभ्या आयुष्यात तिने त्यांना जेवू घातलंय आणि आता तेच हातून चाललंय. पण तिला हे समजावून सांगा की शरीर शेवटाकडे निघालं की ते अन्न मागत नाही. न जेवल्यामुळे ते जात नाहीयेत. ते चाललेत म्हणून त्यांना भूक नाही. अशा वेळी बाटल्या चढवल्या की ते पाणी पायात, पोटात, फुप्फुसात साचतं, घशातला कफ वाढतो, आणि हाताला सुया टोचून टोचून काळंनिळं होतं ते वेगळंच. तहान लागते ती तोंड कोरडं पडल्याची, आणि तिच्यावर इलाज आईच्या हातात आहे.

तो असा. उकळून थंड केलेल्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. मऊ सुती कापडाची छोटी घडी बोटाला गुंडाळून त्यात बुडवायची, पिळायची, आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलक्या हाताने फिरवायची. जबरदस्तीने दात उघडायचे नाहीत, ओठाच्या कोपऱ्याला कापड टेकवलं की बहुतेक माणसं आपणहून तोंड उघडतात. मग ओठांना लोण्याचा किंवा व्हॅसलिनचा हात. दर दोन तासांनी. शुद्धीत आहेत तोवर शहाळ्याच्या पाण्याचे बर्फाचे लहान खडे चघळायला द्या, फार बरं वाटतं. आई हे करू लागली की ती सलाईनचं नाव घेणार नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. आणि गंगाजलाचं कुणी म्हणेल तेव्हा नाही म्हणू नका. फक्त चमचाभर ओतायचं नाही. बोट बुडवून ओठांना लावायचं, तुळशीचं पान ओठांवर ठेवायचं. आपल्या जुन्या माणसांनी लावून दिलेली ही रीत म्हणजे तोंडाची शुश्रूषाच आहे. पाणी गिळता येत नसताना ओतलं की ठसका लागतो आणि तोच ठसका घरच्यांना आयुष्यभर सलत राहतो.

खायला काय द्यायचं? ते मागतील ते, दोन चमचे. मऊ भात, ताक, आंब्याचा रस, काहीही. पथ्य संपलं. आग्रहही संपला.

बाबांना सांगायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकलाय, पण घरात त्याचंच ओझं सगळ्यात मोठं आहे असं मला वाटतं. माझ्याकडचे एक शेतकरी होते, वाळवा तालुक्यातले. घरच्यांनी दारातच मला अडवून सांगितलं, "सिस्टर, त्यांच्यासमोर कॅन्सर शब्द काढायचा नाही." मी पाठ पुसत होते तर त्यांनी मुलाला विचारलं, "कारखान्याची तोड आपल्याकडं कधी येणार?" मुलगा म्हणाला, "जानेवारीत येईल, तुम्ही काळजी करू नका." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "मामंजी विसरायला लागलेत." ते काही विसरत नव्हते. मी त्यांना विचारलं, "दादा, तोडीपर्यंत आपण असू का, असं वाटतंय का तुम्हाला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "नाही ना?" मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतंय." त्यावर त्यांनी मुलाला आत बोलावलं. सातबारावर बहिणीचं नाव राहिलं होतं, ते लावायचं सांगितलं. कुणाचे किती देणे ते सांगितलं. त्या रात्री त्यांनी जादाची गोळी मागितली नाही. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांच्या शुश्रूषेचं घर, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स म्हणायच्या की दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या काळज्यांचं आणि श्रद्धेचं, असं सगळं मिळून एकच असतं. ते त्या घरात मला दिसलं.

तेव्हा बाबांना समोर बसवून निदान वाचून दाखवायची गरज नाही. त्यांनी काही विचारलं की टाळू नका, इतकंच. "तुम्हाला काय वाटतंय, बाबा?" असं उलट विचारा आणि गप्प राहा. ते जितकं विचारतील तितकंच सांगा. कदाचित ते काहीच विचारणार नाहीत, तोही त्यांचा हक्क आहे. पण "काही नाही, कावीळ उतरली की बरं वाटेल" हे आता कुणी म्हणू नका. त्याने ते एकटे पडतात.

काविळीमुळे खाज सुटत असेल तर गार पाण्याचा फडका, कॅलामाइन, साबण बंद, नखं कापलेली, सुती सदरा. पाठीच्या जखमांसाठी हवेची गादी भाड्याने मिळते, घ्या. तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही, आणि रबराची गोल चकती माकडहाडाखाली ठेवायची नाही, तिने उलट रक्तपुरवठा तुटतो. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवा, हाक मारायला आवाज पुरत नाही तेव्हा वाजवता येतो.

आता त्या रात्रीबद्दल. काय काय होईल ते सांगते. वाचताना जड जाईल, पण हे माहीत असलेली माणसं कमी घाबरतात.

आधी झोप वाढेल. दिवसातले वीस-बावीस तास. मग पाणीही सुटेल. लघवी कमी आणि गडद होईल. हात-पाय गार पडतील, गुडघ्यांवर, तळव्यांवर जांभळट जाळी दिसेल. चार पांघरुणं घालू नका, त्यांना थंडी वाजत नसते. कधी गेलेल्या माणसांशी बोलतील, आई आलीय म्हणतील. त्यांना खोडून काढू नका. पण तगमग असेल, कपडे ओढताहेत, उठून बसायला धडपडताहेत, तर आधी लघवी अडकलीय का बघा, पोट साफ झालंय का आठवा, दुखतंय का बघा. यातलं काही नसेल तर पानावर लिहिलेलं तगमगीचं औषध द्या.

श्वास बदलेल. जोरात चार-पाच श्वास, मग हळूहळू उथळ, मग एकदम बंद. दहा सेकंद, वीस सेकंद. तुम्ही हाक मारायला तोंड उघडाल तेवढ्यात पुन्हा सुरू. हे तासन्‌तास चालू शकतं, कधी दिवसभरही. हा धाप लागल्याचा त्रास नसतो. धाप खरोखर लागली असेल तर ते कपाळाला आठ्या घालतील, नाकपुड्या फुलतील. तेव्हा उशांचा उतार करून बसवा, टेबलफॅनचा वारा गालावर येऊ द्या, खिडकी उघडा, खोलीतली गर्दी बाहेर काढा आणि धापेसाठी लिहून दिलेली मात्रा द्या.

आणि घरघर. घशात साचलेली लाळ त्यांना गिळता येत नाही, खाकरता येत नाही, आणि श्वास तिच्यावरून जातो त्याचा तो आवाज. हुक्क्यासारखा. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस गुदमरतोय. ते त्या वेळी इतक्या खोल ग्लानीत असतात की बहुधा त्याचा त्रास त्यांना होत नाही. चेहरा बघा. कपाळ सैल असेल तर ते शांत आहेत. त्यांना एका कुशीवर वळवा, पाठीमागे लोड लावा, डोकं थोडं वर, तोंडाचा कोपरा खाली, म्हणजे लाळ आपोआप बाहेर येईल. खाली टॉवेल. पानावरचं घरघरीचं औषध द्या, ते लवकर दिलं तर जास्त उपयोगी पडतं. सक्शन मशीन आणायला धावू नका, नळी घशात खुपसली की त्यांना त्रासच होतो. वळवल्यावर आवाज बराच कमी होईल. पूर्ण जाणार नाही. हीच ती वेळ जेव्हा भाऊ गाडीची किल्ली शोधेल. तेव्हा त्याला कपाटाचं दार उघडून ते पान दाखवा.

बोलत राहा त्यांच्याशी. कान शेवटपर्यंत जागे असतात असंच आम्ही धरून चालतो. आईला पलंगावर, त्यांच्याजवळ बसू द्या, खुर्चीत नको. हरिपाठ लावायचा असेल तर आवाज बारीक ठेवा.

श्वास थांबला की घाई करायचं कारण नाही. कुणालाही लगेच बोलवायचं नाही. घड्याळात वेळ बघून वहीत लिहा आणि बसा. मग अंगठी, जोडवी असं काही असेल तर काढा, नंतर निघत नाही. हातपाय सरळ करा, हनुवटीखालून मऊ फडक्याची गाठ डोक्यावर बांधा, दोन-तीन तासांत शरीर ताठायला लागतं. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, दहनाआधी तो काढावा लागतो. नेत्रदानाची बाबांची इच्छा असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन, तोवर डोळे मिटून त्यावर ओला कापूस, पंखा बंद, डोकं उशीवर उंच. रक्ताचा कॅन्सर नसेल तर कॅन्सर असलेल्यांचेही डोळे बहुतेक वेळा चालतात.

दाखल्यासाठी लोकांची फार धावपळ होते. घरी झालेल्या मृत्यूला, आजारपणात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी नमुना ४अ मध्ये कारण लिहून द्यायचं असतं. जुन्या, माहीत असलेल्या आजाराने घरी मृत्यू आला तर पोलीस किंवा शवविच्छेदन लागत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, तुमच्या गावी ग्रामपंचायतीत. पण रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर सही करणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून मिरजेचं डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, वही एका पिशवीत, आणि गावातल्या डॉक्टरांनी बाबांना आत्ताच एकदा घरी येऊन तपासलेलं हवं. उरलेलं मॉर्फिन कपाटात ठेवू नका किंवा कुणा दुसऱ्या आजाऱ्याला देऊ नका. जिथून आणलं तिथं परत करा.

मदत मागायला संकोच करू नका. मुंबईत टाटा मेमोरियलला पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून रुग्णांकडून पैसे न घेता हेच काम करतं. वांद्र्याची शांती आवेदना ही देशातली पहिली हॉस्पिस, १९८६ ची, तिचं एक घर गोव्यातही आहे. गावाजवळ म्हणाल तर सांगलीच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करा आणि आशाताईंना सांगून ठेवा, आरोग्य उपकेंद्राच्या कामात आता ही शुश्रूषाही धरलेली आहे.

आणि रात्रपाळी लावा. तुम्ही अकरा रात्री जाग्या आहात. रात्री दहा ते दोन भाऊ, दोन ते सहा तुम्ही, सहानंतर वहिनी. जो पाळीवर नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. भावाला मिरजेला हलवायची घाई आहे, कारण त्याला आत्ता करायला काही काम नाही. त्याला मॉर्फिन आणण्याचं, वही सांभाळण्याचं आणि बाबांची कूस बदलण्याचं काम द्या.

उद्या सकाळचं पहिलं काम म्हणजे गावातल्या डॉक्टरांना भेटून तीन गोष्टी विचारणं: घरी येऊन तपासाल का, रात्री फोन उचलाल का, आणि दाखला द्याल का. एकालाही "नाही" आलं तर उद्याच दुसरे बघा, अजून वेळ आहे. पण ते सकाळी. आत्ता हे वाचून झालं की कपाट उघडा, पाकिटावर लिहिलेली मात्रा बघा, ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना फोन करून एकदा खात्री करून घ्या आणि पहिली गोळी द्या. वहीत तारीख घाला, वेळ घाला, आणि बाबांना विचारा, रुपयात किती आणे दुखतंय.